नवे यंत्र घरात कोणाच्या हाताने येते?



मध्यंतरी दोन घरांची हकिकत आमच्या कानावर आली. दोन्ही घरी ऐंशीच्या पुढच्या आजी. दोघींनीही तरुणपणी, १९६० च्या दशकात अलिया केलेली. दोघींचे हिब्रू बाजारहाटापुरते, मराठी मात्र अजून खणखणीत. दोघींनाही मुलांनी एकाच जातीचा स्मार्टफोन आणून दिला.

पहिल्या आजींचा नातू सैन्यात. एका शुक्रवारी तो घरी आला, अर्ध्या तासात फोनमध्ये सर्व काही बसवून दिले, "सावता, सगळे सोपे आहे" असे म्हणाला आणि रविवारी पहाटे तळावर परत गेला. फोन आता कपाटात साड्यांखाली आहे. दवाखान्यातल्या मुलीने खिडकीतून सांगितले की डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ फोनवरूनच घ्या. आजी काही न बोलता घरी आल्या. ती वेळ अजून घेतलेली नाही.

दुसऱ्या आजींच्या खालच्या मजल्यावर आपल्यातल्याच एक मावशी राहतात. त्या रोज चार वाजता चहाला येत. चहा झाला की दोघी मिळून एकेक गोष्ट शिकत. आज नंबर कसा लावायचा, उद्या चित्र कसे धाडायचे. दोन महिने गेले. आता या आजी रक्ततपासणीचा निकाल स्वतः पाहतात, आणि ठाण्याच्या बहिणीला मोड आलेल्या वालांचे चित्र धाडून "बिरड्याला आता झाले का?" असे विचारतात.

फोन तोच, वय तेच, भाषाही तीच. मग फरक कशाचा? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. नवे यंत्र माणसापर्यंत कसे पोचते, आणि पोचल्यावर त्याचा उपयोग कसा ठरतो, हे विद्वानांनी पुष्कळ वर्षे अभ्यासले आहे. त्यातून आपल्या कामाचे तेवढे येथे सांगतो.

आयोवाचा मका

अमेरिकेतील आयोवा राज्य म्हणजे मक्याचा मुलूख. तेथे १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे आले. उत्पन्न सुमारे वीस टक्के अधिक, अवर्षणात टिकणारे, आणि ताट उभे राहत असल्याने यंत्राने काढणीस सोपे. अडचण एक होती. जुन्या मक्याचे बी शेतकरी आपल्याच कणसांतून राखून ठेवी; हे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागे.

ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तेथील दोन वस्त्यांत २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या व १९४३ साली आपला लेख प्रसिद्ध केला. १९२८ ते १९४१ या काळात दोघे सोडून सर्वांनी नवे बियाणे स्वीकारले होते. पण कानावर पडल्यापासून शेतात पेरेपर्यंत शेतकऱ्याने सरासरी सुमारे नऊ वर्षे घेतली. पेरले तेही आरंभी एका कोपऱ्यात, जमिनीच्या लहानशा तुकड्यावर.

या अभ्यासात दोन प्रश्न विचारले होते. या बियाण्याची बातमी प्रथम कोणाकडून कळली? सर्वांत अधिक जणांनी सांगितले, विक्रेत्याकडून. मग ते लावावे असे कोणामुळे वाटले? येथे सर्वांत अधिक उत्तरे आली, शेजाऱ्यामुळे.

बातमी कोणीही आणू शकतो. भरवसा मात्र ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे तोच देतो. आपल्या महाराष्ट्रात शेतकरी एकमेकांची पिके पाहायला शिवारफेरी काढतात, त्यात हेच मर्म आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्या १९६५ पासून नेगेवमधील हात्सेरिम किबुत्झात बनू लागल्या, आणि आज जळगावकडच्या केळीच्या बागांतही ठिबकचे पाणी आहे. इतके अंतर कापूनही शेवटचा टप्पा बांधावरचाच असतो. शेतकरी पुस्तिका वाचतो, पण नळी विकत घेण्यापूर्वी कोणाच्या तरी बागेत जाऊन ओली माती हाताने चाचपून पाहतो.

डॉक्टर कोणाला विचारतात?

कोणी म्हणेल, शेतकरी कमी शिकलेला, म्हणून शेजाऱ्याकडे पाहतो. शिकलेला मनुष्य स्वतःच्या बुद्धीने ठरवतो. याची परीक्षाही झाली आहे. जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ व हर्बर्ट मेन्झेल या तिघांनी १९५० च्या दशकात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील चार शहरांत १२५ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. त्यांनी विचारले : सल्ला कोणाचा घेता? रोग्यांविषयी चर्चा कोणाशी करता? मैत्री कोणाशी आहे? मग औषधांच्या दुकानांतील चिठ्ठ्या तपासून, टेट्रासायक्लिन हे त्या वेळचे नवे औषध कोणी केव्हा लिहून देण्यास आरंभ केला ते पाहिले. ज्या डॉक्टरांची नावे सहकाऱ्यांनी पुष्कळदा घेतली होती त्यांनी ते लवकर वापरले; एकटे काम करणारे, कोणाच्या बैठकीत नसणारे डॉक्टर मागे राहिले.

यांतील एलिहू कॅट्झ हे नाव इस्राएलच्या वाचकांना परके नसावे. ते येरुशलायमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि १९६८ साली येथे टेलिव्हिजन सुरू झाला तेव्हा त्याच्या उभारणीचे प्रमुख तेच होते. त्यांनी पॉल लाझार्सफेल्ड यांच्यासह १९५५ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात म्हटले आहे की वर्तमानपत्र आणि रेडिओ यांचा शब्द थेट सर्वांवर परिणाम करतोच असे नाही. तो आधी घराघरांतल्या, गल्लीगल्लीतल्या काही जाणत्या माणसांकडे जातो, आणि त्यांच्या तोंडून इतरांकडे. टेलिव्हिजन उभारणाऱ्याच माणसाने शेजारणीच्या शब्दाचे वजन मोजून ठेवले होते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाऊस आला की रस्त्यावरचे सर्वच छत्र्या उघडतात. त्यांनी एकमेकांचे पाहून उघडल्या असे नव्हे. तसेच सारख्या स्वभावाची, सारख्या गरजेची माणसे एकत्र येतात आणि एकच वस्तू घेतात, तेव्हा कोणी कोणाचे अनुकरण केले हे सांगणे कठीण असते. डॉक्टरांची हीच माहिती व्हॅन डेन बुल्ट आणि लिलिएन यांनी २००१ साली पुन्हा तपासली. औषधकंपनीच्या जाहिरातींचा जोर हिशेबात धरला तर डॉक्टरांच्या परस्परप्रभावाचा पुरावा उरत नाही, असे त्यांनी दाखवले. तेव्हा किंमत, गरज, जाहिरात, कायदा यांनाही त्यांचा वाटा द्यावा. सर्व श्रेय शेजाऱ्याला देऊ नये.

दोनशेंपैकी अकरा घरे

योग्य माणूस न गाठल्यास काय होते, याचा दाखला पेरू देशातील लॉस मोलिनोस या गावचा आहे. एडवर्ड वेलिन यांनी तो १९५५ साली लिहून ठेवला. गावात सुमारे दोनशे कुटुंबे. पाणी दूषित. आरोग्यखात्याची एक बाई दोन वर्षे घरोघर जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगत होती. दोन वर्षांनंतर नव्याने पाणी उकळू लागलेली घरे किती? अकरा.

गावात समज असा की उकळलेले पाणी आजाऱ्यांसाठी असते. धडधाकट माणसाने ते प्यायचे म्हणजे आजारी असल्याची कबुली देणे. उकळायला जे तयार झाले त्यांच्यात एक आधीच आजारी होती, आणि एक बाहेरगावाहून येऊन राहिलेली, जिला गावाने आपले मानले नव्हते. अशांचे पाहून गाव कसे बदलणार? जिच्या चुलीकडे इतर बायका पाहतात, तिच्या चुलीवर ते पाणी कधी चढलेच नाही.

आपल्या आजींना "फोन शिका" असे सांगणाऱ्यांनी हे गाव लक्षात ठेवावे. फोनवर विसंबणे म्हणजे आता आपल्याच्याने काही होत नाही असे कबूल करणे, असे एखाद्या मानी स्त्रीला वाटत असेल, तर शंभर वेळा सांगूनही फोन कपाटातच राहील.

जवळचे धागे, लांबचे धागे

मग काय सर्व काही घरच्या माणसांनीच करावे? तसेही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक लेख लिहिला. बॉस्टन शहराजवळच्या नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले होते की या नोकरीची वार्ता कोठून कळली. ओळखीतून कळली म्हणणाऱ्यांत सुमारे सहांतला एकच असा निघाला की तो त्या ओळखीच्या माणसाला नेहमी भेटत होता. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या ओळखीने दिली होती. कारण उघड आहे. घरच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी गोष्ट लांबच्या धाग्याने येते; ती अंगवळणी पाडायचे काम जवळचा धागा करतो.

आपल्या समाजाच्या इतिहासातही हे दिसते. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आपसांतले संबंध घट्ट, गावोगाव सोयरीक. पण हिब्रू शिक्षणाला जोर आला तो एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे. १८४६ साली मुंबईत हिब्रूबरोबर मराठी अर्थ दिलेला हगादा शिळाछापावर निघाला. शिळाछापाची कला काही आपल्या घाण्यांतून निघाली नव्हती. ती मुंबईच्या छापखान्यांतून आली. पण ते पुस्तक पेसाहच्या रात्री वाचले जाई ते घरातच, वडीलधाऱ्यांच्या आवाजात.

छपरावरची टाकी आणि खिशातला फोन

आपल्या गच्च्यांवर पाहा. सूर्याच्या उन्हाने पाणी तापवणारे दुद शेमेश १९५० च्या दशकापासून या देशात विकले जाऊ लागले. १९७३ नंतर तेल महागले, आणि १९८० च्या कायद्याने, उंच इमारती वगळता, नव्या राहत्या घरांवर ते सक्तीचे झाले. कायद्याचे काम मोठे, पण या यंत्राला आणखी एक सोय होती. ते दिसते. शेजाऱ्याने बसवले की साऱ्या गल्लीला कळते, आणि जिन्यात भेटल्यावर "पाणी खरेच तापते का हो?" असे विचारता येते.

फोनमधले कसब मात्र दिसत नाही. शेजारची मावशी दवाखान्याची वेळ फोनवरून घेते हे कोणाला कळणार? ती बोट फिरवते एवढेच दिसते. जी गोष्ट दिसत नाही ती पाहून शिकता येत नाही. ती जवळ बसवून दाखवावी लागते. रोज चारच्या चहाला जे घडले ते हेच.

टेलिफोन कशासाठी?

यंत्र घरी आले म्हणजे गोष्ट संपली नाही. ते कशासाठी वापरायचे हेही माणसेच ठरवतात. अमेरिकेत आरंभी टेलिफोन कंपन्यांचे म्हणणे असे की हे यंत्र कामाच्या निरोपासाठी आहे. रिकाम्या गप्पांसाठी तारा अडवणे त्यांना पसंत नव्हते. पण लोक, विशेषतः लांबलांबच्या शेतघरांतल्या बायका, त्यावर गप्पा मारीतच राहिल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांच्या जाहिरातींचाच सूर बदलू लागला. क्लॉड फिशर यांनी १९९२ साली हा इतिहास ग्रंथरूपाने मांडला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी १९७० च्या दशकात टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे. ज्यांच्या घरी तो असे त्यांच्याकडे साऱ्या इमारतीचे निरोप येत. बाकीचे मधोमध भोक असलेले असिमोन घेऊन रस्त्यावरच्या टेलिफोनपाशी रांगेत उभे राहत. भारतातल्या बहिणीच्या घरी टेलिफोन नसेल तर येथे असून काय उपयोग? म्हणून निळी हवाई पत्रे लिहिली जात, किंवा बोललेले शब्द टेप करून ती कॅसेट येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवली जाई. टेलिफोनसारख्या वस्तूची किंमत दुसऱ्या टोकाला कोण आहे यावर ठरते. भारतात मोबाइल आल्यावर लोकांनी मिस्ड कॉल ही युक्ती काढली. घंटा वाजवून ठेवून द्यायचे. पैसे लागत नाहीत आणि "पोचलो" हा निरोप मिळतो. हे कोणत्याही यंत्राच्या पुस्तिकेत नव्हते. दोन टोकांच्या माणसांनी आपसांत ठरवले.

म्हणून वृद्धांना फोन शिकवताना आरंभ दवाखान्यापासून करू नये. आधी ठाण्याची बहीण, मग बितुआख लेउमीचा कागद.

विषही त्याच वाटेने

आता दुसरी बाजू. ज्या भरवशाने चांगली गोष्ट येते त्याच भरवशाने खोटी गोष्टही येते. २०१८ साली भारतात मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात जमावाने पाच निरपराध माणसांना मारहाण करून ठार केले. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अशा अफवांतील निरोप अनोळखी माणसाकडून आला असता तर कदाचित कोणी मानला नसता. तो भाऊ, मेहुणा, मित्र यांच्या नावाने येतो म्हणून खरा वाटतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात, आणि जानेवारी २०१९ मध्ये जगभर, एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी केली.

आपल्याकडे रक्त सांडले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. "आई, माझा फोन हरवला, हा नवा नंबर, ताबडतोब पैसे धाड" असे निरोप जगभर म्हाताऱ्या आईबापांना येतात. ठकाला यंत्र फोडावे लागत नाही. त्याला फक्त नात्याचे नाव उसने घ्यावे लागते.

आपण काय करावे?

वरच्या सर्व विवेचनातून आम्हांला पाच गोष्टी सुचतात.

१. शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. बोट त्यांचेच फिरू द्या. आपण केलेले ते पाहतात. त्यांनी केलेले त्यांच्या लक्षात राहते.

२. शिकवणारा शक्य तो त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच भाषेचा असावा. नातू हुशार खरा, पण तो कधी अडलेला नसतो. जो स्वतः अडून शिकला त्याला कोठे अडते ते ठाऊक असते. पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्याव्यात.

३. योग्य माणूस शोधा. कर्नाटकातील खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच विचारले की गावभर बातमी पसरवायची तर कोणाला सांगावे. गावकऱ्यांनी ज्यांची नावे दिली त्यांना सांगितलेली बातमी, गावच्या मानकऱ्यांना सांगितलेल्या बातमीपेक्षा अधिक पसरली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मंडळांनीही हेच करावे. अध्यक्ष कोण हे विचारू नये, "अडल्यावर तुम्ही कोणाचे दार ठोठावता?" असे प्रत्येक घरी विचारावे. एकच नाव चार घरांतून आले की समजावे, आरंभ तेथून करायचा.

४. घरातल्या घरात एक खूण ठरवून ठेवा. पैसे मागणारा निरोप आला तर लहानपणी घरात कोणत्या नावाने हाक मारीत हे विचारावे. उत्तर आल्याखेरीज, आणि जुन्या नंबरावर आवाज ऐकल्याखेरीज, एक शेकेलही धाडू नये. बँकेचा गुप्त आकडा शिकवणाऱ्यालाही सांगू नये.

५. ज्यांना हे जमणार नाही, अथवा नको आहे, त्यांची लाज काढू नका. त्यांच्यासाठी दवाखान्यात सोबत जाणारा, खिडकीपाशी त्यांच्या वतीने हिब्रूत बोलणारा कोणी तरी नेमून ठेवा. ती आपलीच जबाबदारी आहे. खिडकीतल्या मुलीला त्यांचे मौन समजत नाही, आपल्याला समजते.

पुष्कळांना वाटते, काळ बदलला, जो शिकेल तो टिकेल. आम्हांला तसे वाटत नाही. आयोवातला शेतकरी एकट्याने शिकला नाही, आणि अलिया करून आलेले आपणही हा देश एकट्याने शिकलो नाही. पहिल्या वर्षी भाकरीचे पीठ कोठे मिळते, बस कोठली घ्यावी, सरकारी कागदावर सही कोठे करावी हे आपल्याला कोणीतरी आधी आलेल्याने दाखवले होते. त्याचे नाव आजही आपल्याला आठवते.

पहिल्या आजींचा फोन अजून कपाटात आहे. त्यांच्या इमारतीत आपली तीन घरे आहेत.